खड्ड्यातला पाव्हणा

मोहाडीचे आमचे घरमालक माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. समोर कोणीही येवो, आधी त्याच्या सदऱ्याचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरायचं, दोनदा चोळायचं आणि मग निकाल द्यायचा. निकाल बहुधा विरोधातच लागायचा. मी खोली बघायला गेलो तेव्हा नोकरी लागल्याच्या आनंदात घेतलेला नवा कोरा शर्ट माझ्या अंगावर होता. त्यांनी तो चोळला आणि म्हणाले, "दोन धुण्यात मरते हा." मग विचारलं, "माग सुरू असला तं झोप येते का तुले?"

मी म्हणालो, येते.

"मंग राह्य."

शर्टाबद्दल त्यांचं चुकलं. तो तीन धुणी टिकला. पण खोली एवढ्यावर मिळाली. त्याआधी त्याच गल्लीत चार घरांनी माझं आडनाव विचारलं होतं आणि ते ऐकल्याबरोबर चारही घरांतल्या खोल्या पाहुण्यांसाठी राखीव निघाल्या होत्या. आम्ही मूळचे करडीचे. आजोबांच्या काळात आमचं घर बौद्ध झालं, वडील जवाहरनगरला नोकरीला लागले आणि मी तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलो. माझ्या नुसत्या आडनावानं एखाद्या गल्लीत एवढे पाहुणे येऊ शकतात, हे मला मोहाडीत आल्यावर समजलं.

मामाजींनी, म्हणजे या घरमालकांनी, आडनाव विचारलंच नाही. माणूस मोठ्या मनाचा आहे असं मला वाटलं. पुढं कळलं की त्यांना कोणाचंच नाव लक्षात राहत नाही. शेजारच्या बाईंना ते 'जांभळी काठवाली' म्हणत आणि पोस्टमनला 'टेरिकॉट'. त्यामुळं मोठ्या मनाचा मुद्दा मी मागं घेतला.

त्यांच्या या चोळण्याचा एक प्रताप सांगतो. गावात एका पुढाऱ्याचा सत्कार होता. विणकरांच्या वतीनं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, उपरणं मामाजींच्या हातून द्यायचं ठरलं, कारण कोसा विणणारे जुने हात आता गल्लीत दोन-तीनच उरले होते आणि त्यातला पहिला यांचा. स्टेजवर गेल्यावर यांनी उपरणं बाजूला ठेवलं आणि पुढाऱ्याच्या कुर्त्याचं टोक धरलं. माइक चालू होता. "अरारा, तुमाले कोनीतरी फसवलं जी!" हे वाक्य बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं. त्यानंतर त्यांना कोणी स्टेजवर बोलावलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. खाली उतरताना त्यांनी स्टेजवरचा गालिचाही पायाच्या अंगठ्यानं तपासला होता म्हणे, आणि तोही नापास झाला होता.

दुसरं प्रकरण जिल्ह्याचं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. लोकांनी ते मान्य केलं होतं, सरकारनं केलं होतं, एसटीनंसुद्धा केलं होतं. मामाजींनी केलं नव्हतं. त्यांची बहीण तिरोड्याला, म्हणजे नव्या जिल्ह्यात, राहायची. तिला पत्र लिहिताना पत्त्यात शेवटी 'जिल्हा भंडारा' असंच असायचं. टेरिकॉटनं एकदा समजावून सांगितलं तर म्हणाले, "मधातून फाडला तो जिल्हा. फाडताना मले विचारलं का कोनी?" पत्र फिरत फिरत पोचायचं. बहीण रागावून उलट पत्र टाकायची आणि मामाजी ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण तिनं शिव्या फार सुरेख दिलेल्या असत.

मी स्वतः तिथं पशुधन पर्यवेक्षक म्हणून आलो होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. हे मी सांगायच्या आधी गल्लीच सांगायची. गाई, म्हशी, बकऱ्या यांना टोचून फिरणारा म्हणून माझं नाव पडलं 'इंजेक्शनवाला'. कोणाच्या घरी गाय बघायला गेलो की अंगणात उभं राहूनच बोलणं व्हायचं. तहान लागली तर मी घरी येऊन पाणी प्यायचो. एकदा कोणीतरी मला 'डॉक्टरसाहेब' अशी हाक मारावी म्हणून मी किती आसुसलो होतो, ते आता सांगायला हरकत नाही. डॉक्टर वापरतात तशी एक चामड्याची बॅगही मी घेतली होती. तिच्यात सिरिंजा कमी आणि जेवणाचा डबा जास्त असे. मी चालू लागलो की मामाजी आतून म्हणायचे, "दवाखाना चालला. वरणाचा वास येऊन राहिला."

आता कुत्र्यांकडे येतो. मामाजींचं कुत्र्यांशी जुनं वैर होतं. सकाळी गल्लीत लांबच्या लांब ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, पसरून विणकर तो साफ करायचे आणि नेमकी त्याच वेळी गल्लीतली सगळी कुत्री त्याच्या खालून पळापळी करायची. मामाजी काठी घेऊन उभे. कुत्र्यांना ते माणसासारखं बोलत. "तुह्या बापानं धरला होता का धोटा कधी?" असं ते एका काळ्या कुत्र्याला विचारताना मी ऐकलंय. कुत्रा थांबून विचारात पडल्यासारखा दिसला आणि मग ताण्यावरूनच गेला. कुत्र्याला भाकर घालणाऱ्या माणसाशी मामाजी आठवडाभर बोलत नसत. त्यांचं मत असं की देवानं सगळी जनावरं केली आणि उरलेल्या चिंध्यांचं कुत्रं केलं.

तो उन्हाळा भंडाऱ्याकडचा नेहमीचाच होता, म्हणजे दुपारी चप्पल उन्हात राहिली तर संध्याकाळपर्यंत घालता येत नसे. अशा दिवसांत आख्ख्या मोहाडीत थंड जागा म्हणजे एकच, मागाचा खड्डा. हातमागावर विणणारा जमिनीलगत बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. खड्डा मांडीइतका खोल असतो. आत दोन लाकडी फळ्या दोऱ्यांनी टांगलेल्या असतात. एक फळी पायानं दाबली की अर्धा ताणा वर उचलला जातो, दुसरी दाबली की उरलेला. खाली माती ओलसर, वर कापडाची सावली. हा शोध गल्लीतल्या एका तांबूस पिल्लानं लावला. असेल दोन-अडीच महिन्यांचं. ते दुपारी गुपचूप आत उतरलं आणि फळीखाली झोपून गेलं.

मामाजी जेवून उठले, मागावर बसले, पाय सोडले आणि फळी दाबली.

मी शेजारच्या खोलीत होतो. दोन किंचाळ्या ऐकू आल्या. एक पिल्लाची, एक मामाजींची. मामाजींची मोठी होती.

धावत गेलो तर मामाजी पिल्लाला दोन्ही हातांत धरून उभे होते आणि पिल्लू त्यांच्या अंगठ्याला चावून राहिलं होतं. त्याचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली लोंबत होता.

"पाय, पाय याचा!" मामाजी म्हणाले. लगेच त्यांनी आवाज बदलला. "न विचारता घुसला लेकाचा. माही काय चुकी? तू पाहून घे. इंजेक्शन दे, पट्टी दे, काय द्याचं ते दे. अन् याले म्हण, बोट सोड माहं."

मी आजवर कुत्र्यावर उपचार केले नव्हते. माझा अनुभव मला चावायला धावलेल्या कुत्र्यांपुरता होता. पण पाय बघितला. हाड मोडलं होतं, कातडी फाटली नव्हती. मागाच्या जुन्या मोडक्या फणीच्या कामट्या काढल्या, त्यावर कापूस गुंडाळला आणि पट्टी बांधली. मामाजी वाकून बघत होते. माझी गाठ त्यांना पटली नाही. "ढोरं बांधते का तू अशानं? सुटून जातीन." त्यांनी माझ्या हातातून टोकं घेतली, दोन बोटांत काहीतरी केलं आणि एक बारीक, चपटी गाठ तयार झाली. ती मला नंतर सोडवता येईना. दर वेळी पट्टी बदलताना त्यांनाच बोलवावं लागे.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

इथं मी पहिली चूक केली. अभ्यासक्रमात कुत्रा अर्ध्या पानावर होता आणि ते अर्धं पान मी सोडलं होतं. मला बकरीचं ठाऊक होतं. बकरीच्या हिशोबानं मी छाती पुढं काढून सांगितलं, "एकवीस दिवस. उडी मारायची नाही, पळायचं नाही. एक तासही कमी चालणार नाही." मामाजींनी कोळसा घेतला आणि भिंतीवर पहिली रेघ ओढली.

पिल्लाला एका जागी ठेवणं म्हणजे काय ते आम्हाला पुढच्या दोन दिवसांत कळलं. कोंबड्या झाकायच्या डाल्याखाली ठेवलं तर डालं घेऊनच ते गल्लीत फिरायला निघालं. गल्लीत चालतं डालं बघून एक म्हातारी घाबरून खाली बसली. दोरीनं बांधलं तर दोरी कुरतडली. माझ्या खोलीत ठेवलं तर खाटेवरून उडी मारायच्या बेतात असताना मामाजींनी त्याला हवेत झेललं, आणि झेलताना माझं पाण्याचं मडकं फुटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर मामाजी मागाच्या खड्ड्यात उतरून फळ्यांच्या दोऱ्या सोडत होते. फळ्या त्यांनी बाहेर काढून भिंतीला लावल्या, खड्ड्यात भाताची तणस अंथरली, तिच्यावर पोतं टाकलं आणि पिल्लाला आत ठेवलं. भिंती उंच, त्यामुळं चढता येईना. जागा अरुंद, त्यामुळं पळता येईना. थंडावा तर त्याच्या आवडीचाच. पिल्लानं दोन गोल फेऱ्या मारल्या आणि ते झोपलं.

"इथंच याचं हे झालं, इथंच बरं होईन," मामाजी म्हणाले.

"अन् माग?"

"मागाले काय होते? मागाचा काय पाय मोडला?"

मागावर अर्धं विणलेलं कोशाचं लुगडं होतं. त्यांनी ते धूळ बसू नये म्हणून धोतरानं झाकलं.

पिल्लाचं नाव ठेवायला मामाजी तयार नव्हते. नाव ठेवलं की कुत्रं घरचं होतं म्हणे. म्हणून 'पाव्हणा'. "पाव्हणा जाते. हाही जाईन." या पाव्हण्यासाठी ढिवरांच्या एका बाईकडून रोज लहान मासोळ्या यायच्या. मामाजी त्यातला एकेक काटा काढत बसायचे, मासोळ्या भातात कालवायचे आणि खड्ड्यात वाकून बोटानं भरवायचे. तोंड मात्र बंद नसे. "खाय. फुकटाचं खाय. तुही माय आली होती का पाहाले? नाही आली. म्हाताऱ्याच्या गळ्यात टाकून गेली भटकभवानी." पिल्लू शेपटी हलवत ऐकायचं. हा सूर शिव्यांचा आहे हे त्याला समजत नसावं, किंवा समजून त्यानं सोडून दिलं असावं. मीही दिलं होतं.

विणायचं काम नसलेला विणकर हा गल्लीला त्रास असतो. सकाळी पाव्हण्याला खाऊ घातलं की मामाजी दुसऱ्यांच्या मागावर जाऊन उभे राहायचे आणि चुका दाखवायचे. चार दिवसांत पाच घरांत भांडणं झाली. जांभळी काठवाली मला रस्त्यात अडवून म्हणाली, "ओ इंजेक्शनवाले भाऊ, त्या कुत्र्याले लवकर बरं करा, नाही तं म्हाताऱ्याले एक सुई टोचा."

दुपारी मात्र ते घरात असत. एकटं पडलं की पिल्लू रडायचं. म्हणून मामाजी मागाच्या काठावर बसून एक पाय खाली सोडायचे आणि पिल्लू त्या पायावर डोकं ठेवून झोपायचं. तेवढ्या वेळात पाय हलवायचा नाही. ज्या माणसाला दोन मिनिटं स्वस्थ बसणं माहीत नव्हतं, तो तीन-तीन तास दगडासारखा बसायचा. पायाला मुंग्या आल्या की माझ्या नावानं शिव्या घालायचा. ज्या पायानं मोडलं त्याच पायावर ते बिनघोर झोपतं, हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "अक्कल नाही म्हणून. अक्कल असती तं ते तुह्याकडून पट्टी बांधून घेतलं असतं का?" मला तेव्हा त्यांचा फार लोभ वाटायचा. उघड सांगितलं असतं तर त्यांनी शर्ट चोळला असता, म्हणून सांगितलं नाही.

चौदाव्या दिवशी गल्लीत बातमी आली की विणकर सोसायटीचे साहेब मागांच्या तपासणीला येताहेत. याचा अर्थ सांगायला हवा. कोशाचं सूत सोसायटीकडून मिळे आणि ते ज्याचा माग चालू त्यालाच. साहेब वर्षातून एकदा घरोघर यायचे, विणताना बघायचे आणि वहीत 'चालू' लिहायचे. 'बंद' लिहिलं की नाव कमी. नव्या माणसाला रांगेत घेतलं जाई आणि गेलेलं नाव परत लागल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मामाजींनी चाळीस वर्षं कोशाखेरीज काही विणलं नव्हतं. सुती पंचे विणणाऱ्यांना ते 'पोतेवाले' म्हणत. त्यांना मुलगा नव्हता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि शेती कधीच नव्हती. त्यांच्याजवळ कोसा होता.

जांभळी काठवालीनं येऊन सांगितलं, "बाबाजी, फळ्या बांधून ठेवा."

"येऊ दे त्याले," मामाजी म्हणाले आणि मासोळीचा काटा काढत राहिले.

सोळाव्या दिवशी सकाळी मी पट्टी बदलायला खड्ड्यात उतरलो. मामाजींनी गाठ सोडून दिली आणि ते चहा करायला गेले. मी पाय हातात घेतला. मोडल्या जागी छान कडक गुठळी झाली होती. मी दाबून बघितलं तर पिल्लू रडलं नाही, उलट तोच पाय माझ्या छातीला लावून त्यानं मला ढकललं. पाय जुळला होता. एवढ्या लहान जिवाचं हाड बकरीच्या हिशोबानं चालत नाही, ते लवकर जुळतं, हे मला खड्ड्यात उभ्या उभ्या कळलं. मी पुन्हा कामट्या लावल्या, पुन्हा पट्टी गुंडाळली आणि मामाजींना गाठ मारायला हाक दिली. त्यांनी पायावरून बोटं फिरवली, गाठ मारली आणि मला चहा दिला. मी चहा पीत विचार केला, एकवीस आपण बोललोय. पाच दिवसांनी काय बिघडतं?

साहेब त्याच दुपारी आले. माणूस वाईट नव्हता. घामानं भिजलेला, वही काखेत, मागं निम्मी गल्ली. मामाजींनी सवयीप्रमाणं त्याच्या बुशशर्टाचं टोक धरलं. "बरा हाय," ते म्हणाले. एवढा चांगला निकाल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

साहेबांनी मागाकडे बघितलं, धोतर उचलून लुगडं बघितलं आणि मग खाली बघितलं. पाव्हण्यानं वर बघून शेपटी हलवली.

"हे काय?"

"पाव्हणा हाय जी. पाय मोडला त्याचा. आराम करून राहिला."

"माग चालू आहे की बंद?"

"सुट्टीवर हाय."

लोक हसले. साहेबही हसले. "बाबाजी, वहीत सुट्टीचा रकाना नाही. तुमचं काम मला माहीत आहे. तुम्ही असं करा, मी पुढच्या दोन घरी जाऊन येतो, तोवर कुत्र्याला बाहेर काढा, फळ्या बांधा, दोन हात मारून दाखवा. मी 'चालू' लिहितो आणि जातो."

याच्याहून सरळ बोलणं काय असणार? मामाजींनी माझ्याकडे मान वळवली. मग जांभळी काठवालीही वळली, मग सगळेच वळले. आणि त्या बाईनं, जिनं आजवर मला अंगणापलीकडे येऊ दिलं नव्हतं, पदर सावरून विचारलं, "डॉक्टरसाहेब, घडीभर बाहेर काढलं तं चालते का जी?"

पाय मोडकाच असता तरी घडीभर कोणाच्या मांडीवर पिल्लू घेऊन बसायला काहीही हरकत नव्हती. हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आणि पाय तर जुळलेला होता. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण तिनं डॉक्टरसाहेब म्हटलं होतं, वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि 'एक तासही कमी नाही' हे माझं वाक्य साऱ्या गल्लीला पाठ होतं. आता 'हो' म्हटलं तर मी पुन्हा इंजेक्शनवाला होणार. मी चामड्याची बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणालो, "नाही. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस. हलवलं तर जन्माचं लंगडं होईल."

साहेबांनी मामाजींकडे बघितलं. "बाबाजी, नाव कटेल तुमचं."

"आयकलं ना तुमी?" मामाजी म्हणाले. "डॉक्टर नाही म्हणते. लिव्हा बंद."

"एकदा लिहिलं की माझ्या हातात काही राहत नाही."

"लिव्हा ना जी. तुमच्या पेनात शाई नाही का?"

साहेबांनी लिहिलं. जाताना त्यांनी खड्ड्यात वाकून पिल्लाला चुचकारलं. ते तेवढं करून गेले याचाच मला जास्त त्रास झाला. मामाजी मागाच्या काठावर बसले, पाय खाली सोडला आणि म्हणाले, "बस झाला तमाशा. जा आपापल्या घरी. पाव्हण्याले झोपू द्या."

एकविसाव्या दिवशी गल्लीदेखत मी पट्टी सोडली. पाव्हण्याला बाहेर ठेवलं. त्यानं अंग झाडलं, चार पायांवर नीट उभा राहिला आणि मग जो पळाला तो थेट त्या मासोळ्या देणाऱ्या बाईच्या घरी. परत आला नाही. तिथंच राहिला, तिथंच वाढला. पुढं मामाजी त्या घरावरून गेले की तो त्यांच्यावर भुंकायचा. "पाहा, ओळख ठेवली," मामाजी म्हणायचे आणि काठी आपटायचे.

माझं मात्र सोनं झालं. ज्यानं एवढ्या लोकांसमोर साहेबाला 'नाही' म्हटलं आणि मोडका पाय धडधाकट करून दाखवला, तो काय साधा माणूस? महिनाभरात माझ्याकडे दोन मांजरी, एक पोपट आणि दातदुखीचे एक आजोबासुद्धा आले. सगळे डॉक्टरसाहेब म्हणायचे. जांभळी काठवाली मला ओसरीवर बसवून, स्टीलच्या पेल्यात पाणी देऊन, मग गाय दाखवायची. मी ऐटीत प्यायचो.

मामाजींनी मागावरचं लुगडं पुरं करून दिलं. त्यानंतर कोसा आला नाही. त्यांनी एका व्यापाऱ्याकडून जाडंभरडं सुती सूत आणलं आणि पंचे विणायला घेतले. पहिला पंचा उतरला तेव्हा मी बघायला गेलो नाही. कोणी विचारलं तर ते म्हणत, "कोशानं डोळे जाते. हे बरं हाय, आंधळाही विणते." आवाज तसाच खणखणीत होता. त्यामुळं गल्लीनं ते खरं मानलं. मीही मानायचं ठरवलं, आणि दीड वर्षानं माझी बदली आंबागडकडे झाली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

पुन्हा मोहाडीला जायला मला नऊ वर्षं लागली. काही काम नव्हतं. मुद्दाम गेलो. मामाजी वाळले होते, चष्मा दोऱ्यानं बांधला होता आणि मागावर निळ्या काठाचा पंचा होता. मी शेजारी खाली बसलो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तिरोड्याच्या बहिणीचं नवं पत्र वाचून झालं. मग मी जे बोलायला आलो होतो ते बोललो.

"मामाजी, साहेब आले होते ना त्या दिवशी, पाय जुळला होता."

"कोनाचा?"

"पाव्हण्याचा. मले सकाळीच समजलं होतं, पट्टी बदलताना. मी खोटं बोललो."

धोटा या बाजूनं त्या बाजूला गेला, परत आला. "मले दोन दिस आंधीच समजलं होतं," ते म्हणाले. "गाठ कोन मारे? बोटाखाली हाड लागते का नाही? इतकं बारीक सूत हातातून गेलं माह्या, हाड नाही समजन का मले?"

"मंग तुमी बोलले काहून नाही जी?"

त्यांनी माग थांबवला. "काय बोलू? एकवीस तू बोलून बसला होता. साऱ्या गल्लीनं तुले पयल्यांदा डॉक्टर म्हणून विचारलं. तू म्हटलं नाही. अन् मी म्हणू का, खोटं बोलते हा, जुळला हाय पाय? मंग तुले इथं कोनी पेलाभर पानी देल्लं असतं का रे?"

मी मान खाली घातली.

"कोसा गंज विणला मी, चाळीस वर्सं. माह्या बापानं विणला, मी विणला. पुरे झाला." त्यांनी धोटा पुन्हा उचलला आणि माझ्याकडे बघून एकदम खेकसले, "रडाचं असन तं वसरीत जाऊन रड. ताण्याले खळ लावली हाय. पानी पडलं तं सूत चिपकते."

मी उठून ओसरीत गेलो.